तेहतीस कोटी आवर्तनं

“काकू, दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. ह्याच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही आणि ह्याला मधेच बंद करायचं नाही. बाकी तुम्ही आणि तुमचं गरम पाणी!”

बंब बसवायला आलेल्या त्या चुणचुणीत मुलीचं बोलणं वैजयंतीकाकूंच्या कानांत इतकं पक्कं बसलं होतं, की न्हाणीघरात पाऊल टाकलं की ते आपोआप ऐकू यायचं. काकू पहाटे साडेचारला उठायच्या. स्नान, पोथीचा एक अध्याय, मग घाट उतरून दत्ताच्या देवळात अकरा प्रदक्षिणा. अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही त्या अक्षता टाकून त्याच रात्री कुरुंदवाडला परत आल्या होत्या. त्यामुळे पहाटेचं गरम पाणी ही त्यांच्या घरातली मोठी गोष्ट होती, आणि ते पाणी आता गणित करून तापत होतं.

दोन हजार चाळीस साल उलटून गेलं होतं. संगणक चालला की तापतो, हे जुनंच दुखणं. हिशेबांची मोठमोठी केंद्रं इतकी तापायची, की त्यांना थंड ठेवायला वेगळी वीज जाळावी लागायची. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की उष्णता फेकून कशाला द्यायची? लोकांना आंघोळीला पाणी लागतंच की! केंद्राचे तुकडे करून ते घरोघरी टाक्यांच्या पोटात बसवले, की आकडेमोड तिकडे होईल आणि पाणी इकडे तापेल. पुढे गावोगाव असे बंब बसले. लोक त्याला ‘गणितबंब’ म्हणू लागले.

कोणाचा बंब हवामानाचे हिशेब करायचा, कोणाचा औषधांचे. अर्ज भरताना काकूंनी यादी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं – ‘मोठ्या मूळ संख्येचा शोध. आवर्तनं तेहतीस कोटींच्या वर.’

“तेहतीस कोटी!” काकूंनी हात जोडले. “हेच घेऊ या.”

“आगं, औषधाचं घे की. कुणाच्या उपेगाला तरी येईल,” काकूंचे यजमान धनाजीराव म्हणाले. साखर कारखान्यात फिटर म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस. उपयोगाशिवाय त्यांना काही दिसायचं नाही. “मूळ संख्या घेऊन काय लोणच्यात घालायचीय?”

“असू दे. तेवढा देवाचा आकडा आहे.”

अशी ती संख्या घरात आली.

मूळ संख्या म्हणजे काय, हे काकूंना शाळेत शिकवलेलं आठवत होतं, पण खरं कळलं ते लाडवांच्या ताटावरून. एकवीस लाडू तीनच्या सात ओळींत नीट मांडता येतात. तेवीस घ्या, कशाही ओळी करा, एखादा तरी लाडू बाहेर राहतोच. तेवीसला सारख्या वाट्यांत वाटून घेणं मंजूरच नाही. तशी ती मूळ संख्या. छोट्या मूळ संख्या ढिगांनी सापडतात. पण जसजसं पुढं जावं, तसतशा त्या विरळ होत जातात. काकूंच्या बंबातली संख्या इतकी मोठी होती, की छापायची म्हटली तर तीस-तेहतीस हजार पानं लागली असती. ती मूळ आहे की नाही, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. तपासायला एका घरातल्या एका बंबाला सुमारे एक वर्ष लागणार होतं.

आणि एका घरावर भागणार नव्हतं. वर्षभराच्या आकडेमोडीत एक कण चुकला तरी पुढचं सगळं वाया. म्हणून तीच संख्या दोन घरांना द्यायची, अशी बंब वाटणाऱ्या संस्थेची पद्धत होती. दोन बंबांनी एकमेकांशी बोलायचं नाही, नाहीतर एकाची चूक दुसऱ्यात शिरेल. बोलायचं ते माणसांनी. दर गुरुवारी बंबाच्या काचेवर त्या आठवड्याच्या ठरलेल्या आवर्तनाच्या बाकीचे शेवटचे सोळा आकडे उमटायचे आणि बंब आपली तिथवरची जागा जपून ठेवायचा. ते सोळा आकडे फोनवर एकमेकांना वाचून दाखवायचे. जुळले, की पुढचा आठवडा.

काकूंचं जोडघर होतं थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तुमसरला. तिथे कुंदा रहांगडाले नावाच्या बाई एकट्या राहत होत्या. वय त्र्याऐंशी, मुलींच्या हायस्कुलातून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, “तुम्हाला गणित येते का जी?”

“पाढे येतात,” काकू नम्रपणे म्हणाल्या.

“पुरे झालं. कागद घ्या. एकाची पाच वेळा दुप्पट करा.”

“दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस.”

“एक वजा. एकतीस. आता एकतीस मूळ आहे का, ते आपला बंब कसा तपासतो ते पाहा. सुरुवात चारापासून. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, एकतीसनं भागून बाकी ठेवायची. हे एक आवर्तन. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन?”

“चौदा. भाग जात नाही. बाकी चौदाच.”

“शाबास. चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव. वजा दोन, एकशे चौऱ्याण्णव. भागा.”

काकूंनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर भागाकार मांडला. “बाकी आठ.”

“आठाचा वर्ग?”

“चौसष्ट. वजा दोन बासष्ट. आणि एकतीस दुणे बासष्ट! अगंबाई, बाकी शून्य!”

“झालं! पाच वेळा दुप्पट केली, तर पाचातून दोन वजा, तीन आवर्तनं. शेवटी शून्य आलं म्हणजे एकतीस मूळ. शून्य नाही आलं तर नाही. आपल्या संख्येत दुप्पट केली आहे तेहतीस कोटी पंचवीस लाखांवर वेळा. म्हणून आवर्तनंही तेवढी. सेकंदाला दहा-साडेदहा. मधलं एकही गाळता येत नाही, कारण आधीच्या बाकीशिवाय पुढचा वर्गच करता येत नाही. चार जणांत वाटूनही देता येत नाही.”

काकू हरखून म्हणाल्या, “मग हा जपच झाला की!”

पलीकडून कोरडं हसू आलं. “तुम्ही देवधर्मवाल्या दिसता. चालेल. फक्त बंबाची पूजाबिजा करू नका म्हणजे झालं.”

काकूही हसल्या, पण ते वाक्य बारीक कुसळासारखं आत राहिलं.

गुरुवारामागून गुरुवार गेले. सोळा आकडे व्हायला मिनिटभर लागायचं, पण फोन तासावर जायचा. कुंदाबाईंनी पंचवीस वर्षांत नऊ संख्या तपासल्या होत्या. सुरुवातीला घरच्या खोक्यासारख्या संगणकावर, आता बंबावर. नऊही वेळा शेवटी शून्य सोडून भलतंच आलं होतं. “ही दहावी,” त्या म्हणायच्या. “शेवटची. डोळे राहिले नाहीत आता.” काकूंनी त्यांना सांडग्यांची पद्धत सांगितली, त्यांनी काकूंना लसाविचा सोपा मार्ग. धनाजीराव जेवायला ताटकळायचे आणि ओरडायचे, “त्या मास्तरीणबाईला सांग, हितं भाकरी निवायल्याय!”

“तुमच्या साहेबांना म्हणावं, वर्ग चालू असताना बाहेर उभं राहायचं असते,” कुंदाबाई तिकडून ऐकवायच्या.

मग आश्विन आला.

खंडेनवमीला काकूंच्या घरी यंत्राला विसावा असतो. कारखान्यातली चाल धनाजीरावांनी घरी आणलेली. त्या दिवशी पाना, करवत, शिलाईयंत्र, मिक्सर, दुचाकी, सगळं धुऊनपुसून पाटावर यायचं, गंधफूल व्हायचं. त्या सोमवारी सगळ्यांची पूजा झाली आणि काकू न्हाणीघराच्या दारात थबकल्या. अकरा महिने हा बिचारा एका क्षणाचीही उसंत न घेता राबतोय. मिक्सरला हार, आणि ह्याला काहीच नाही?

त्यांनी बंब बंद केला. ‘दुपारपर्यंत,’ असं स्वतःला सांगितलं. हळदकुंकू लावलं, गुळखोबरं ठेवलं आणि झेंडूचा दाट हार वरच्या जाळीभोवती घातला. दुपारी बंब पुन्हा सुरू केला, तसा तो थांबला होता तिथूनच पुढे घरघरू लागला. हार मात्र तसाच राहिला, कारण दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतली फुलं हलवायची नसतात. मंगळवारी संध्याकाळी सोनं वाटून घरी आल्यावर त्यांनी हार काढला, तेव्हा तो वाळून खडखडीत झाला होता आणि जाळीला हात लावता येत नव्हता.

गुरुवारी कुंदाबाईंनी आकडे वाचले. “सात, शून्य, चार, एक...”

काकू काचेकडे बघत राहिल्या. त्यांच्याकडे सुरुवातच नवानं होत होती.

“जुळत नाही बाई,” त्या हळूच म्हणाल्या.

दोनदा वाचून झालं. मग पलीकडून प्रश्न आला, “तुमच्याकडे काही झालं होतं का जी ह्या आठवड्यात? बंद पडला, तापला, काही?”

काकूंच्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं.

“मग माझंच,” कुंदाबाई म्हणाल्या. आवाज एकदम म्हातारा झाला. “बंब माझा पहिल्या लॉटमधला आहे. दोन संख्या आधी असाच नासला होता. तुमचं कशाला वाया घालवू? सोमवारी संस्थेला पत्र टाकते, की मला मोकळं करा आणि तुम्हाला धडधाकट जोड द्या. तोवर चालू ठेवते, पाण्यापुरता.”

“अहो, लगेच कशाला...”

“पंचवीस वर्षं झाली बाई. माझ्या हातात शून्य नाही, एवढंच.”

काकूंनी फोन ठेवला. गुरुवारचा उपास होता. पण संध्याकाळची साबुदाण्याची खिचडीसुद्धा त्यांनी तशीच झाकून ठेवली. शुक्रवारी प्रदक्षिणा घालताना आठवी झाली की नववी, ते आठवेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शनिवारी धनाजीराव ताटावरून म्हणाले, “भाजीत मीठ न्हाई, आमटीत दोनदा पडलंय. काय झालंय?”

काकूंनी सांगितलं. हारासकट सगळं.

धनाजीरावांनी कपाळाला हात लावला. “आगं, जाळीवर हार? त्याचा श्वास कोंडला की! तापून कुठंतरी एखादा आकडा उलटा पडला आसंल. कारखान्यात बॉयलरला हार दाराच्या कडीला घालायचो आम्ही, धुराड्याला न्हवं.”

“हार घातला त्याचं नाही एवढं,” काकू म्हणाल्या. “पूजा केली म्हणून बिघडला, असं त्या म्हणतील. देवाला हसतील. देवाची लाज राखायला म्हणून मी देवाच्याच वारी खोटं बोलले हो.”

“देव काय तुझ्या पदराआड दडून बसलाय व्हय? त्याची लाज त्यो राखंल. ती बाई मातूर सोमवारी पत्र टाकणार हाय.”

रविवारी सकाळी देवळातून आल्या आल्या काकूंनी फोन लावला. ओले पायसुद्धा पुसले नव्हते.

“कुंदाबाई, तुमचा बंब चांगला आहे. बिघडला तो माझा. मी खंडेनवमीला त्याची पूजा केली. बंद केला, वर झेंडूचा हार घातला, दीड दिवस ठेवला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. कारण तुम्ही हसाल असं वाटलं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हसले असते,” कुंदाबाई म्हणाल्या. “हाराला. तुमच्या देवाला कशाला हसू? त्यानं थोडीच घातला हार?” मग आवाज कडक झाला. “पण मी तीन रात्री झोपले नाही बाई. पंचवीस वर्षं जे जपलं ते सोडायला निघाले होते. पत्र लिहून टेबलावर ठेवलं आहे.”

“फाडा ना ते.”

“फाडते. थांबा.” कागद टरटरल्याचा आवाज आला. “किती जाड हार होता?”

“मनगटाएवढा.”

आणि मग कुंदाबाईंना हसू आवरेना. खोकला येईपर्यंत हसल्या. “मनगटाएवढा! बाप्पा रे बाप्पा! त्या बंबाला वाटलं असेल, आपलं लग्नच लागते आहे!”

काकू एकीकडे हसत होत्या आणि एकीकडे पदरानं डोळे पुसत होत्या.

“आता शिक्षा ऐका,” हसू थांबल्यावर कुंदाबाई म्हणाल्या. शाळेतल्या चाळीस वर्षांचा आवाज तो. “तुम्ही मागच्या जुळलेल्या गुरुवारापासून पुन्हा सुरू करा. म्हणजे माझ्यामागं दहा दिवस राहाल. दर आठवड्याचे आकडे फोनवर सांगा. पण शेवटचे सांगायचे नाहीत. तुमचं शेवटचं आवर्तन संपलं, की तुम्ही इथं तुमसरला यायचं. माझ्यासमोर बसून वाचायचे. शून्य असो नाहीतर काही असो. आणि तोवर कोणालाच सांगायचं नाही. साहेबांना नाही. तुमच्या दत्तालासुद्धा नाही.”

“दत्ताला आधीच माहीत असतं हो.”

“त्याचं त्याला माहीत असू द्या. तुम्ही नका सांगू. कबूल?”

“कबूल,” काकू म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तुमसर म्हणजे जायला एक रात्र, यायला एक रात्र. आणि पहाटेच्या प्रदक्षिणा?

बंब मागे नेला. आठ दिवसांनी, पुढच्या रविवारी, काचेवर आकडे उमटले – सात, शून्य, चार, एक. काकूंनी एकेक आकडा फोनवर वाचला आणि प्रत्येकाला कुंदाबाई “हं” म्हणत गेल्या. सोळाव्या “हं”ला धनाजीरावांनी दारातून टाळी वाजवली.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष लागला. आणि एका शुक्रवारी दुपारी कुंदाबाईंचा आपणहून फोन आला.

“माझा संपला.”

काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “काय आलं?”

“सांगत नाही. तुमचं येऊ द्या,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आवाजात ना आनंद, ना दुःख. परीक्षेचे पेपर तपासून गठ्ठा बांधून ठेवल्यासारखा.

पुढचे दहा दिवस काकूंनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. तिकडे त्र्याऐंशी वर्षांची बाई एक आकडा एकटीनं उराशी धरून बसली होती. तो गोड असला तरी कोणाला सांगता येत नव्हता, कडू असला तरी नाही. संस्थेला निकाल कळवायला पंधरा दिवसांची मुदत होती. तोवर तो त्या त्या घराचा.

आणि बंबाचं वेळापत्रक असं, की शेवटचं आवर्तन नेमकं दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी संपणार होतं. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. जन्मकाळाला घाटावर मुंगीलासुद्धा जागा नसते, आणि काकू अकरा वर्षं पाळण्याजवळच्या ओळीत उभ्या असत. एक मन म्हणायचं, परवा निघालं तर काय बिघडणार आहे? मुदत आहे, आणि परवा निघायला कुंदाबाई नाही म्हणणार नाहीत. दुसरं मन काही बोलायचं नाही. नुसतं त्या म्हाताऱ्या आवाजातलं ‘माझा संपला’ पुन्हा ऐकवायचं.

त्या दिवशी पहाटे काकू न्हाणीघरात गेल्या. पाणी तापलेलं होतं, पण बंबाची घरघर थांबली होती. इतक्या महिन्यांची सवय. ती शांतता कानाला टोचली. काचेवर आकडे स्थिर उभे होते.

काकूंनी चष्मा पुसला. डावीकडून मोजले. उजवीकडून मोजले. मग एकेका आकड्याखाली बोट ठेवून मोजले. सोळा होते. सोळाच्या सोळा शून्यं.

त्यांनी काचेवर आपला टॉवेल टाकला. गरम पाण्यानं शांतपणे आंघोळ केली, पोथीचा अध्याय वाचला. घाटावर जाऊन अकरा प्रदक्षिणा घातल्या. देवासमोर उभ्या राहिल्या तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. नमस्कार फक्त हातांनी केला. तेहतीस हजार पानांची ती संख्या कोणालाच सारख्या वाट्यांत वाटता येणार नव्हती, आणि हे पृथ्वीच्या पाठीवर त्या घटकेला बहुधा दोनच बायकांना ठाऊक होतं. त्यातल्या एकीला, तुमसरच्या, आपलं उत्तर खरं याची अजून खात्री नव्हती.

घरी येऊन त्यांनी पिशवीत दोन साड्या घातल्या, सांडग्यांची पुडी घातली, सोळा आकडे उतरवलेला कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

“महाराष्ट्र एक्सप्रेस जयसिंगपूरला दुपारी येते ना?” त्यांनी विचारलं.

धनाजीरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. टॉवेल टाकलेल्या बंबाकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे. “आज? उद्या जयंती हाय.”

“माहीत आहे.”

“काय आलंय?”

“सांगता येत नाही.”

“मला बी?”

“दत्तालाही नाही सांगितलं.”

धनाजीरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठून खुंटीवरची टोपी घेतली. “उद्याच्या अकरा मी घालतो. परवाच्या बी. तू येस्तवर. मला पोथी वाचता यायची न्हाई, पर अकरापातुर मोजाय येतंय.”

“पायात काही घालायचं नाही हं घाटावर.”

“म्हाईत हाय. चल, पिशवी दे.”

जयसिंगपूरच्या फलाटावर हिवाळ्यातलं कोवळं ऊन होतं. जयंतीला येणाऱ्या माणसांनी भरलेली गाडी आली आणि रिकामी झाली. सगळे उतरत होते, काकू एकट्या चढत होत्या. खिडकीशी जागा मिळाली. धनाजीरावांनी बाहेरून पाण्याची बाटली दिली आणि ते खिडकीचा गज धरून उभे राहिले. समोरच्या बाकावरच्या बाईनं सरकून पिशवीला जागा केली आणि म्हणाली, “उद्याची जयंती सोडून कुठं निघालात मावशी?”

“तुमसरला,” काकू म्हणाल्या. “एक बाई वाट बघतायत.”

गाडी हलली. काकूंनी पोलक्यावरून हात फिरवून कागद चाचपला, पदर सारखा केला आणि त्या ओठ मिटून खिडकीबाहेर बघत बसल्या.